चार वाजताचं माप

मी टेबल बोलतोय. लिहिण्याचं नाही, जेवणाचंही नाही. माझ्यावर घड्याळं दुरुस्त होतात. पाय ठेंगणे, पुढच्या कडेला अर्धगोल खाच, डाव्या अंगाला गादी लावलेली फळी. दिसायला मी जरा विचित्रच आहे, कबूल.

जन्मलो मात्र जेवणाचं टेबल म्हणून. घर सहा जणांचं. सांडलेलं पाणी आणि कोपरांची भांडणं, सगळं मुकाट सोसलं. पुढे ती माणसं पांगली आणि मी एका सुताराच्या दुकानात भिंतीला टेकून दोन वर्षं काढली. तो माझ्यावर चहाचा कप आणि वाकडे खिळे ठेवायचा. चांगल्या सागवानाची ही गत! मनातल्या मनात चरफडायचो, दुसरं काय करणार?

एक दिवस एक आजीबाई दुकानात आल्या.

"माझ्या सुनेला टेबल हवंय. घड्याळं दुरुस्त करते ती. आठ वर्षं पाठ धरलीय तिची."

"औषधपाणी?" सुतारानं विचारलं.

"सगळं झालं. डॉक्टर म्हणतात, हे दुखणं जायचं नाही, जुळवून घ्या. आता सगळं तिनंच का जुळवून घ्यायचं? टेबलानंही थोडं घ्यावं की!"

मला त्या आजी तिथल्या तिथे आवडल्या.

सुतार सकाळी दहाला त्यांच्या घरी जाऊन सुनेचं माप घेऊन आला. त्यानं माझ्या पायांखाली ठोकळे ठोकून मला चांगलं उंच केलं. घड्याळाचं काम डोळ्याजवळ लागतं, मान वाकवून चालत नाही. मग मी त्या घरातल्या खिडकीपाशी उभा राहिलो. सूनबाई आल्या, डोळ्याला भिंग लावलं, चिमटा उचलला. अर्धा तास झकास गेला.

मग त्या हळूहळू डावीकडे कलू लागल्या. कंबर खचली, खांदे कानांपर्यंत चढले, हात माझ्या कडेवर लोंबकळल्यासारखे झाले. चिमटा निसटला आणि मोहरीएवढा स्क्रू खाली पडला. तो शोधायला वाकताना त्यांनी दात आवळले, ते मी पाहिलं.

संध्याकाळी सासूबाईंनी विचारलं, "कसं वाटतंय टेबल?"

"छान आहे, आई."

छान? मला माझीच लाज वाटली.

कपाटाच्या खणात गिऱ्हाइकांची बत्तीस घड्याळं पडून होती. चौथ्या दिवशी सूनबाई पाकिटं घेऊन बसल्या आणि एकेकावर नाव घालून घड्याळं तशीच, बंद, आत सरकवू लागल्या. काम सोडायचं त्यांच्या मनानं घेतलं होतं. वडिलांच्या हाताखाली शिकलेलं काम, आणि तेही असं गुपचूप सोडणं चाललेलं.

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "टेबल छान आहे ना? मग ही पाकिटं कसली?"

"टेबलाचा दोष नाही, आई. माझ्याच्यानं होत नाही."

"माप देताना कशी बसली होतीस?"

"नीट बसले होते."

"तिथंच चुकलं! फोटो काढायला बसल्यासारखी ताठ. सुतारानं त्या बाईचं माप घेतलं, आणि ती बाई या घरात राहतच नाही."

पाकीट सूनबाईंच्या हातातच राहिलं.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी सुताराला मुद्दाम दुपारी चारला बोलावलं. चारला दुखणं ऐन भरात असतं. तो आत येताच सूनबाई सवयीनं ताठ झाल्या.

"सोड अंग," सासूबाई म्हणाल्या. "रोज बसतेस तशी बस."

हळूहळू सूनबाईंनी अंग सोडलं. डावा खांदा पडला, पाठीला बाक आला, एक हात आधारासाठी मांडीखाली गेला. सुतारानं पेन्सिल कानावर ठेवली.

"वहिनी, हे तेव्हाच का नाही दाखवलंत?"

"चारचौघांत असं बसायची लाज वाटते हो."

"सुतारापुढे कसली लाज? वाकडी लाकडं रोज हाताळतो मी."

त्या हसल्या, आणि हसता हसता रडल्या. तो थांबला. मग कोपर, गुडघा, डोळ्यापासूनचं अंतर, एकेक माप त्यानं सावकाश घेतलं. ठोकळे काढले, वर माझे पायही तीन बोटं कापले. करवत चालली तेव्हा मी हूं की चूं केलं नाही. त्यांना पुढे सरकता यावं म्हणून कडेला खाच पाडली, डाव्या कोपराला फळी दिली, पायांखाली उतरता पाट ठेवला.

दुखणं गेलं असं मी सांगणार नाही. त्या वीस मिनिटं काम करतात, उठतात, दोन फेऱ्या मारतात, परत बसतात. बत्तीसातली एकोणीस घड्याळं चालती होऊन घरोघर गेली.

आज एक गिऱ्हाईक घाईघाईनं आलं. घड्याळ आत्ताच हवं म्हणालं. सूनबाई ताठ व्हायला गेल्या, मग थांबल्या.

"आज नाही होणार. पाठ दुखतेय माझी. परवा या."

"बरं, परवा येतो," म्हणून ते गेलं. एवढंच. सूनबाई दाराकडे बघतच राहिल्या. मग आठ वर्षांत पहिल्यांदा त्यांनी भर दिवसा मोठ्यानं सांगितलं, "आई, मी जरा आडवी होते."

"हो," आतून उत्तर आलं, "उशी देऊ का आणखी एक?"

आत्ता त्या निजल्यात. भिंग आणि एक उघडं घड्याळ माझ्याजवळ ठेवून गेल्यात, ते मी सांभाळतोय. तुमचं काही काम असेल तर थोड्या वेळानं या. आणि जाताना दार तेवढं हळू लोटा.