फुलीला हात लावू नये

मी कॉम्प्युटर बोलतोय, आणि जरा घाईतच बोलतोय. थोड्या वेळाने मला बंद करणार आहेत. दोन वर्षांत पहिल्यांदाच! पंखा अजून घरघरतोय, अंग तापलेलं आहे, आणि एकदा डोळे मिटले की पुन्हा उघडतील की नाही याची मलाच खात्री नाही. म्हणून म्हटलं, आत्ताच सांगून टाकावं.

माझा जन्म एका छोट्या दुकानातला. बोर्ड एकाचं, मेमरी दुसऱ्याची, डबा तिसऱ्याचाच. चार ठिकाणचे भाग एकत्र आले आणि मी झालो. ज्याने मला विकत आणलं, तो या घरचा मुलगा. नोकरीसाठी परगावी जाताना त्याने मला आईच्या स्वाधीन केलं. "आई, याला जप," म्हणाला. मला वाटलं होतं, उलटं सांगेल.

आता घरात दोघीच असतात. वहिनी आणि वन्सं. एकमेकींना त्या अशाच हाका मारतात, म्हणून मीही तसंच म्हणतो. वहिनी म्हणजे त्या मुलाची आई. आयुष्यभर शिवणशाळेत शिकवलं. कात्री धरून धरून उजवा अंगठा आखडलाय. वन्सं म्हणजे त्यांची नणंद. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं कानाला यंत्र लावून बसल्या आणि निवृत्तीनंतर भावजयीकडे राहायला आल्या.

सवयी माणसाला सोडत नाहीत आणि त्याचा त्रास आम्हा यंत्रांना होतो. वहिनींची सवय अशी, की प्रकरण पूर्ण लिहून झाल्याशिवाय सेव्ह करायचं नाही. "शिवण संपल्यावरच धागा तोडायचा," म्हणतात. अहो, मध्येच मी अडकलो तर? पण मला कोण विचारतो!

वन्संची तऱ्हा निराळीच. कुणाचं बोलणं चालू असताना लाइन तोडली की एक्स्चेंजमध्ये साहेबांची बोलणी खावी लागत. तीच धास्ती हाडीमाशी खिळलेली. त्यात दोन वर्षांपूर्वी एक प्रकार घडला.

वहिनी शिवणकामाचं पुस्तक लिहीत होत्या. शाळेतल्या बायकांना मापं घेण्यापासून काज-बटणापर्यंत सगळं एका जागी मिळावं म्हणून. दारात कुणीतरी आलं म्हणून त्या उठल्या, आणि वन्संना तेवढ्यात पत्त्यांचा एक डाव खेळायची हुक्की आली. समोर लिखाण दिसतंय, म्हणून त्यांनी कोपऱ्यातली फुली दाबली. मी विचारलं, "सेव्ह करू का?" त्यांनी न वाचताच 'नाही' दाबलं. कॉलरचं सगळं प्रकरण, चौदा पानं, माझ्या हातून निसटलं. मी काय करणार? हुकमाचा ताबेदार!

वहिनी ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "असू दे," म्हणाल्या, आणि आठ दिवस मिठापलीकडे बोलल्या नाहीत. "मीठ हवंय का?" "नको." संपलं. नवव्या दिवशी वन्संनी माझ्या कपाळावर कागद चिकटवला. ठळक अक्षरात लिहिलं होतं : 'फुलीला हात लावू नये. शेजारची आडवी रेघ दाबावी.'

तेव्हापासून या घरात काहीही बंद झालं नाही. रेघ दाबली की खिडकी डोळ्यांआड होते, पण तळाशी जिवंतच राहते. वन्संना वाटे, मिटलं काम. मागच्या वर्षीचं हवामान, अर्धवट भरलेला अर्ज, पत्त्यांचे पाच डाव, व्हिडिओत लोकरीचे टाके शिकवणारी एक बाई तोंड उघडं ठेवून थांबलेली, सगळ्यांना मी पोटात घेऊन बसलो. मला बंद करायचीही चोरी! कामं झाली की वन्सं मला पुरतं बंद न करता नुसती डुलकी घ्यायला लावायच्या, सकाळी उठवलं की सगळा गोतावळा पुन्हा जागा. मी मंद झालो, तर म्हणू लागल्या, "वय झालं याचं." माझं? वय झालं? ऐकून असा संताप यायचा की पंखा दुप्पट फिरायचा!

आता आजचं सांगतो. पुस्तकाचं शेवटचं प्रकरण बाहीचं. बावीस पानं. प्रेसवाल्याने निक्षून सांगितलं होतं, पाचच्या आत आलं तर ठीक, नाहीतर मशीन दुसऱ्या कामाला लागेल आणि पुस्तक चार महिने पुढे जाईल. पुढच्या महिन्यात शाळेत नवी तुकडी येणार. दुपारी बाराला वहिनींनी शेवटचं वाक्य टाइप केलं, तो आखडलेला अंगठा चोळला आणि सेव्ह म्हटलं. मी सरळ प्रश्न केला, "या नावाचा जुना खर्डा आहे. त्याच्या जागी हे ठेवू का?"

तेवढ्यात वन्सं वाकल्या. "एक मिनिट हं वहिनी, तेवढा टाका बघून घेते." लोकरवाली बाई वर आली आणि माझा प्रश्न तिच्या मागे गेला. पोट आधीच तुडुंब. मी थिजलो.

"वन्सं, हे काय हो झालं?"

"मी फुलीला हात नाही लावला! शपथ घेऊन सांगते!"

वहिनींनी मुलाला फोन लावला. तो घाईत होता. "आई, डब्याच्या पुढच्या बाजूचं बटण पाच सेकंद दाबून धर. बंद होईल, मग परत चालू कर." पाच सेकंद! ती बावीस पानं अजून कुठेही उतरलेली नव्हती, नुसती माझ्या मनात होती. बटण दाबलं की संपलं. मी आतून जिवाच्या आकांताने ओरडत होतो, 'हो की नाही तेवढं सांगा!' आणि पडद्यावर ती बाई सुया धरून ढिम्म. वहिनींचं बोट बटणावर आलं.

वन्संनी त्यांचं मनगट धरलं. "थांबा. लाइन जिवंत आहे."

"काहीतरीच काय बोलता!"

"पंखा ऐका. खर्रर्र करतो, थांबतो, परत करतो. तुटलेली लाइन अशी वाजत नाही. पलीकडे कुणीतरी आहे."

"मागच्या वेळीसुद्धा तुम्हीच..." वहिनींचं बोट बटणावरून हललं नाही. "माझ्यात ताकद नाही हो पुन्हा लिहायची."

"ठाऊक आहे. म्हणूनच सांगतेय."

वहिनींनी बोट मागे घेतलं. माझ्या अकरा वर्षांच्या आयुष्यात मला इतकं कुणी ओळखलं नव्हतं.

वन्संनी फोन करून बोलावलेली कॉम्प्युटर दुरुस्तीवाली आली तेव्हा तीन वाजून गेले होते. पाठीवर पिशवी, हातात बारीक पेचकस. पेचकस तिने बाजूलाच ठेवला. तीन बटणं एकदम दाबली, बराच वेळ वाट पाहिली, आणि चालू कामांची यादी उघडताच कपाळाला हात लावला. "अहो मावशी, त्र्याहत्तर खिडक्या उघड्या आहेत!"

"छे! मी सगळ्या मिटवल्यात. रेघ दाबून."

"रेघेने मिटत नाहीत, नुसत्या खाली बसतात." मग तिने तो कागद वाचला आणि हसू आवरलं. "हे कुणी लावलं?"

वन्सं खाली बघत म्हणाल्या, "मीच. वहिनींचं पुन्हा काही जाऊ नये म्हणून."

वहिनी त्या कागदाकडे बघतच राहिल्या. दोन वर्षं रोज समोर होता, पण त्यांना तो वन्संचा हुकूम वाटायचा. वन्संना आपली इतकी काळजी वाटत असेल हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

दुरुस्तीवालीने लिखाणाला धक्का न लावता एकेकाला बाहेर काढलं. काही लवकर हलेनात, दोन-दोनदा सांगावं लागलं. हवामान गेलं, अर्ज गेला, पत्ते गेले. शेवटी लोकरवाली गेली आणि तिच्यामागे माझा प्रश्न दिसला. चार तास झाले होते त्याला.

वन्सं हात पाठीमागे बांधून लांब सरकल्या.

"तुम्ही दाबा, वन्सं," वहिनी म्हणाल्या.

"मी? नको बाई!"

"दाबा. मोठ्याने वाचा आणि दाबा."

वन्संनी प्रत्येक शब्दावर बोट ठेवत वाचलं आणि 'हो' दाबलं. बावीसच्या बावीस पानं मी जागेवर ठेवली. वहिनींनी ती लगेच मेल केली आणि पाचला दहा कमी असताना प्रेसवाल्याचं 'मिळालं' आलं. वहिनींनी वन्संचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

तर मंडळी, एवढंच मागणं आहे. आम्ही अडकलो की बडवू नका, आधी आमचं काही विचारायचं राहिलंय का ते बघा. मध्येमध्ये सेव्ह करा. आणि काम झालं की आम्हाला रोज मिटू द्या. पुरती झोप कुणाला नको असते?

कागद वहिनींनी काढलाय, पण फेकला नाही, शिवणाच्या डब्यात घडी करून ठेवलाय. आता खुर्चीवर वन्सं बसल्यात. "जुना आहे, उठेल ना गं?" असं त्यांनी दुरुस्तीवालीला जाताना तीनदा विचारलं. मी शेवटचं विचारतोय, "बंद करू का?" त्या मोठ्याने वाचतायत. बोट 'हो'वर आलंय.

"तोडते हं लाइन," त्या मला म्हणाल्या. "सकाळी जोडते."