नळाखालचा हात

"हाथ मत खींचो. पानी चलने दो."

शालिग्रामनं सरलेचा हात नळाखाली घट्ट धरून ठेवला होता. कॉस्टिक सोडा मिसळताना उडाला होता आणि मनगटाच्या वर लालभडक पट्टा उठला होता.

"हो गया, कुछ नहीं हुआ," सरला म्हणत होती.

"आपने ही तो बताया था, बहुत देर तक धोना है. अब चुपचाप धोओ."

तो काही सोडेना. पाणी वाहत होतं, दोघांचे पाय भिजले होते. बांगड्या भरणारा कासार आणि नाडी बघणारा डॉक्टर सोडला तर बावन्न वर्षांत कुणी सरला दाणीचा हात इतका वेळ धरला नव्हता. आग होत होती तरी तिला वाटलं, टाकी एवढ्यात रिकामी होऊ नये.

शेजारच्या सुनीतीकाकू भिंतीपलीकडे पापड वाळत घालत होत्या. त्यांनी पाहिलं. तेवढं पुरलं. संध्याकाळच्या आत समता कॉलोनीतल्या साऱ्या मराठी घरांत बातमी पोचली, आणि पोचेपर्यंत तिच्यातला नळ गळून पडला होता, फक्त हात उरला होता.

सरलेचे वडील रेल्वेत, वर्ध्याहून बदली होऊन इथे रायपूरला आले. ते अंथरुणाला खिळले, मग आई खिळली, मधे भावाचं लग्न झालं. सगळ्यांचं करता करता बिचारीचं राहून गेलं, असं लोक म्हणतात. राहून बिहून काही गेलं नाही. राहू दिलं. फुकटची नर्स कोण घालवतो?

ती एका शाळेच्या प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या धुवायची. एका वर्षी प्रदर्शनासाठी पोरांनी कचोरीच्या जळक्या तेलाचं डिझेल केलं. बक्षीस मिळालं, फोटो निघाले आणि बाटली मोरीत ओतायला सरलेकडे आली. तिनं ती ओतली नाही. पुढे शाळेनं प्रयोगशाळाच बंद केली तेव्हा तिनं परसात ड्रम मांडला. हॉटेलातून काळं तेल आणायचं, फडक्यातून गाळायचं, पाण्याची चरचर थांबेपर्यंत तापवायचं. मग मेथॅनॉलमधे कॉस्टिक विरघळवून त्यात घालायचं आणि ढवळत बसायचं. रात्रभरात खाली काळा चिकट साका बसतो, वर मधासारखं डिझेल तरंगतं. ते धुऊन, निथळून कॅनमधे भरायचं. रिकाम्या घरात सकाळी उठून बघावं असं काहीतरी असायचं, एवढंच त्यातलं सुख.

शालिग्राम सिलतऱ्याच्या कारखान्यांतून लोखंडी सळया शहरातल्या दुकानांत पोचवायचा. ट्रक जुना, मालक तोच. बायको जाऊन सहा-सात वर्षं झालेली, मुलगी भिलाईला सासरी. डिझेल घ्यायला पहिल्यांदा आला तेव्हा कॅनचा वास घेऊन म्हणाला, "मैडम, इससे इंजन चलेगा कि नाश्ता करेगा?"

सरला हसली होती. घरात मोठ्यानं हसल्याचा आवाज तिलाच अनोळखी वाटला.

मग तो दर सोमवारी यायला लागला. ट्रक फाटकाशी बंद करून तेल गाळायला बसायचा. फडक्याची दोन टोकं त्याच्याकडे, दोन तिच्याकडे. चहा व्हायचा. आणि एक गोष्ट सरलेनं हेरली होती. या शहरात भाजीवालीपासून कलेक्टरणीपर्यंत प्रत्येक बाई दीदी असते. शालिग्रामनं मैडम म्हणणं सोडलं, पण दीदीवर काही तो आला नाही. "चाय बनी क्या?", "आज थकी दिख रही हो." हाकेविना वाक्यं जुळवायचा. तीही त्याला भैया म्हणत नसे. ती मोकळी जागा दोघांनी जपली होती, न बोलता.

पुढच्या रविवारी भाचा विशाल नव्या रायपुरातून गाडी घेऊन आला. मंत्रालयात बाबू. मराठी समजतं, पण उत्तर हिंदीत.

"आत्या, कॉलोनीवाले बोल रहे हैं, तेल की बदबू आती है."

"वास तीन वर्षं झाले येऊन राहिला. आत्ताच काहून लागला त्यायले?"

"आग-वाग लग गई तो?"

"मुद्द्याचं बोल ना रे बाबू."

विशाल मोबाईलशी चाळा करत राहिला. "वो ट्रकवाला आता है, यही मुद्दा है. पापा को फोन गया है. घर उनके नाम पे है, वो बोले, ये सब बंद करो."

आईबापांचं हगणंमुतणं काढलं तेव्हा घर कुणाच्या नावावर आहे हे कुणी काढलं नव्हतं. सरलेनं फक्त विचारलं, "त्यानं येऊच नये का?"

"एक रास्ता है. परसों राखी है. बांध दो उसको, सबके सामने. फिर रोज आए, कौन बोलेगा?"

भिंतीपलीकडून लगेच सुनीतीकाकूंचा आवाज आला. त्या तिथेच होत्या. "बराबर बोलला पोट्टा! राखी बांधली का मंग कोणाची माय व्याली बोलायले!"

बघा, किती सोपं. ट्रकला परमिट लागतं तसं बाईच्या घरी यायलाही लागतं, आणि ते शेजारणी देतात.

सोमवारी फडकं धरल्यावर सरलेनं शालिग्रामला सगळं सांगितलं. तेल थेंबथेंब गळत होतं. तो खाली बघत ऐकत होता.

"मेरा आना बंद कर दूँ?"

"नहीं!" ती इतक्या मोठ्यानं बोलली की भिंतीपलीकडचं सुनीतीकाकूंचं ताट वाजायचं थांबलं. मग हळू म्हणाली, "नहीं. आते रहो."

"हव." त्यानं होकाराची मान हलवली. "तो फिर बाँध दो."

त्याच्या हातातलं एक टोक सैल पडलं आणि तेल मातीत सांडलं. दोघांनीही ते टोक पुन्हा वर धरलं नाही.

राखीला सरलेच्या घरात कधी नव्हे ते अकरा बायका जमल्या. शालिग्राम नव्या शर्टात आला, घड्या मोडल्याही नव्हत्या. पाटावर बसवलं, डोक्यावर रुमाल टाकला. सरलेनं कुंकू लावलं, अक्षता लावल्या. राखीची गाठ बसेना. तेलानं बोटं कायमची बुळबुळीत झाली होती तिची.

"घट्ट बांध वो," सुनीतीकाकू म्हणाल्या, "सुटली नाही पाहिजे!"

दुसरी गाठ मारली. ती बसली. त्यानं साडीचं पाकीट पुढे केलं. पोपटी होती साडी, लग्नात नेसावी अशी. कुणाला विचारून आणली नसणार.

"लो," तो म्हणाला आणि अडखळला. बायका बघत होत्या. "लो, दीदी."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी सरलेच्या तोंडात पेढा कोंबला, म्हणून तिला काही बोलावं लागलं नाही.

पुढच्या सोमवारी ट्रक आला. आता बसायला कुणाची हरकत नव्हती. सुनीतीकाकूंनी तर भिंतीवरून "या, भाऊ" असं स्वागतही केलं. सरलेनं चहाचं आधण ठेवलेलं होतं.

शालिग्राम बसला नाही. इंजिन चालूच ठेवलं, कॅन उचलून ट्रकमधे ठेवला आणि परत फाटकात आला. मग इकडचे भाऊ बहिणीच्या पाया पडतात तसं वाकून त्यानं सरलेच्या पायांना हात लावला. तो तिच्याहून तीन वर्षांनी मोठा होता.

सरलेनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. पांढऱ्या केसांत लोखंडाची धूळ होती. तिनं आशीर्वाद दिला. काय दिला ते इंजिनाच्या आवाजात तिचं तिलाही ऐकू आलं नाही.