चांगले जंतू

सिझरनंतर दुसऱ्या दिवशीही क्षितिजाला काही वाटत नव्हतं. कमरेची भूल कधीच उतरली होती, मन मात्र बधिरच राहिलं होतं. बाळ सकाळपासून दूध ओढत नव्हतं, अंग तापलं होतं. नर्सने हे सांगितलं तेव्हाही तिने नुसती मान हलवली.

तिच्या नवऱ्याने, कौस्तुभने, मात्र महिनाभर घर डोक्यावर घेतलं होतं. सिझरच्या बाळाला आईच्या जन्मवाटेतले चांगले जंतू मिळत नाहीत, म्हणून तिथे ठेवलेला गॉजचा कापडी बोळा बाळाच्या तोंडावर फिरवायचा, असं त्याने कुठेतरी वाचलं होतं. विरारच्या त्या नर्सिंग होमच्या डॉक्टर जागृतींनी साफ नकार दिला. फायदा अजून सिद्ध नाही, आणि आईला ठाऊकही नसलेला संसर्ग बाळाला व्हायचा. अंगाशी धरा, दूध पाजा, पुरे. पण ऐकेल तो कौस्तुभ कसला. ऑपरेशनआधी त्याने क्षितिजाला गॉज ठेवायला लावला आणि नंतर नर्सची पाठ वळताच बाळाच्या तोंडावरून फिरवला. क्षितिजानेही नको म्हटलं नव्हतं.

जंतूंचा एवढा सोस, पण निर्मळ गावाहून आलेल्या स्वतःच्या आईला त्याने बाळाजवळ फिरकू दिलं नाही. आशालताबाई केळीच्या बागेत राबणाऱ्या, त्यांच्या हाताचे जंतू म्हणे वाईट. तीनदा हात धुऊनही त्या लांबच बसल्या होत्या. नातवाला चाटवायला आणलेला मध पिशवीतच होता.

आता डॉक्टरांनी विचारलं, बाळाच्या तोंडाला काही लावलंत का? पिशवीतून डोकावणारी मधाची बाटली त्यांना दिसली आणि आशालताबाईंची खरडपट्टी सुरू झाली.

"मी नाय चाटवला," आशालताबाई हळूच म्हणाल्या.

"आई, खरं सांग," कौस्तुभ म्हणाला.

चोराच्या उलट्या बोंबा. क्षितिजाला त्याची लाज वाटली, मग स्वतःची.

"गॉज फिरवला, डॉक्टर," ती म्हणाली. "आम्ही दोघांनी."

डॉक्टरांनी मायलेकरांच्या तपासण्या लिहिल्या, बाळाला औषध सुरू केलं. ताप गॉजचाच का, ते रिपोर्ट आल्यावर कळेल, पण हे सकाळीच सांगायला हवं होतं, एवढंच म्हणाल्या. बाळाला काचेच्या खोलीत हलवलं. जवळ एकालाच बसता येणार होतं. कौस्तुभ उठला.

"आई बसतील," क्षितिजा म्हणाली.

आशालताबाईंनी बेसिनपाशी जाऊन बांगड्या मागे सारल्या आणि सुनेला विचारलं, "आता किती वेळा धुऊ, पोरी?"

त्यात टोमणा नव्हता. म्हणूनच क्षितिजाला रडू फुटलं, आणि टाके पहिल्यांदा दुखले.