जकातघराची कोरडी रेघ

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. नदीकाठच्या जकातघराच्या भिंतीत मी राहतो. माझ्या अंगावर एक आडवी रेघ कोरलेली आहे. तुम्ही म्हणाल, एका रेघेचे एवढे काय कौतुक? पण याच रेघेच्या भरवशावर खालची आळी निर्धास्त असे.

एका मोठ्या पुरानंतर पाथरवटाने ती कोरली. पाणी इथे टेकले, की खालच्या आळीच्या उंबऱ्यांना लागणार, हे त्याने नीट पाहून ठेवले होते. मग गावचा पहारेकरी जकातघराच्या छतावरची घंटा वाजवी आणि माणसे पोरेबाळे, अंथरुणे, कोंबड्या घेऊन टेकडीवरच्या शाळेत जात. कितीतरी पूर आले नि गेले, पण माणूस एकही दगावला नाही. मला त्याचा फार अभिमान वाटे.

पुढे पूल झाला, जकात बंद पडली, जकातघराला कुलूप लागले. माझ्या गळ्यापर्यंत गवत वाढले. बकऱ्या अंग घासून जात. वाईट वाटे, पण रेघ आपल्या जागी होती, म्हणून घोर नव्हता.

मग गावाला जुन्या इमारतींची आठवण झाली. भिंत उतरवून पुन्हा बांधायला घेतली. हौसेने देखरेख करणारे काका गवंड्याला म्हणाले, "अहो, एवढा देखणा दगड गवतात ठेवून काय करायचंय? चांगला डोळ्यांसमोर बसवा. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसू दे!"

गवंड्याने मला घासूनपुसून वर बसवले. माझ्या जागी दुसरा दगड आला. कोणाच्या मनात काही वाईट नव्हते, सगळे प्रेमानेच झाले. पाहुणे माझे फोटो काढू लागले. माझ्याबरोबर रेघही वर गेली होती, हे मात्र कोणाच्या ध्यानात आले नाही. मित्रांनो, दगडाला ओरडता येत नाही.

त्याच वर्षी नदी फुगली. पाणी माझ्या जुन्या जागेला लागले, तिच्याही वर आले. पहारेकऱ्याने मान वर करून पाहिले आणि सगळ्यांना सांगितले, "रेघ कोरडी आहे. कामं करा खुशाल."

माझा जीव टांगणीला लागला. खालच्या आळीत बेकरी होती. बेकरीवाल्या मावशींची लेक भट्टीमागच्या उबदार खोलीत बाळंतीण होती.

एवढ्यात मावशी धावत आल्या. कोपरापर्यंत पीठ, पाय चिखलाने भरलेले.

"अहो दादा, घंटा वाजवा! माझ्या भट्टीत पाणी शिरलंय!"

"मावशी, रेघ बघा की. अजून केवढी वर आहे!"

"चुलीत गेली तुमची रेघ! माझी लेक आत आहे, चार दिवसांचं बाळ आहे!"

त्यांनी स्वतःच दोर ओढला. आळी रिकामी झाली. बाळ पावाच्या टोपलीतून शाळेत पोहोचले. तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

पूर ओसरू लागला, तशा मावशी बेकरीच्या उंबऱ्याशी उभ्या राहिल्या. पाणी उंबरा सोडताच त्या भट्टीची सळई घेऊन जकातघराकडे पळाल्या. भिंतीला पाणी जिथे टेकले होते, तिथे, म्हणजे माझ्या जुन्या जागी बसवलेल्या दगडावर, त्यांनी एक वाकडीतिकडी रेघ ओढली.

सव्वा महिना उलटला. आज सकाळी काकांनी ती पाहिली. "नव्या भिंतीचं काय हे ध्यान करून ठेवलंय! उद्या बुजवून टाका," असे ते गवंड्याला सांगून गेले. मावशी लेकीला सासरी पोहोचवायला गेल्या आहेत. आणि नदीच्या वरच्या अंगाला आभाळ काळे होऊ लागले आहे.

मित्रांनो, तुम्ही मला बघायला याल तेव्हा माझे कौतुक करू नका. मला झाडू नका, पुसू नका. खाली वाकून त्या वाकड्या रेघेकडे बघा आणि तिला कोणी हात लावू लागला, तर त्याला अडवा. पाणी तिला टेकले, की माझ्याकडे पाहत थांबू नका. मी कोरडा असलो, तरी घंटा वाजवा.