लहानपणी वारली

वंशवृक्ष मंडळाच्या चिटणिसांना माघारी सगळे 'पुरावेबुवा' म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं, आणि मनातून आवडायचंही. जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात बत्तीस वर्षं कारकुनी केलेला माणूस, निवृत्तीनंतर दुसरं करणार तरी काय? महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी वाचनालयाच्या माडीवर मंडळ भरायचं. एक लांब टेबल, दोन कपाटं, भिंतीवर टाचलेले घराण्यांचे तक्ते आणि किटलीतला पाणचट चहा. लोक आपापले कागद घेऊन यायचे. कुणाचे खापरपणजोबा मोठे लढवय्ये निघायचे, कुणाची पणजी एकशेदहा वर्षं जगलेली असायची. पुरावेबुवा कानावरची लाल पेन्सिल काढायचे, समासात 'पुरावा?' एवढंच लिहायचे, की कागद परत. मंडळातल्या दंतवैद्याचा तक्ता तीनदा माघारी गेला, तेव्हा तो वैतागून म्हणाला होता, "आता माझे दातही तपासा. माझेच आहेत की नाही, खात्री करून घ्या!"

पुरावेबुवांनी स्वतःच्या घराण्याचं पुस्तक चौदा वर्षांपूर्वी छापलं होतं. नऊ पिढ्या, दोनशे बारा प्रती, आणि शेवटी सव्वीस पानं नुसती पुराव्यांची यादी. नवा सभासद आला की ते हेच पुस्तक त्याच्या हातात ठेवायचे. "काम असं करायचं," म्हणायचे.

त्या शनिवारी एक बाई जिना चढून आल्या. पन्नाशी उलटलेल्या, मुलांच्या इस्पितळात परिचारिका. पायात कामावरचे पांढरे बूट तसेच होते. मंडळाच्या उत्साही सभासद म्हणजे पोस्टातून निवृत्त झालेल्या पोस्टमास्तरीणबाई. त्यांनी पाहुण्या बाईंना खुर्ची दिली आणि कागद-पेन पुढे ओढलं.

"माझी आई शहाऐंशीची आहे," परिचारिका सांगू लागल्या. "माहेरचं अवाक्षर तिने आम्हाला कधी सांगितलं नाही. विचारलं की उठून जायची. आता खुब्याचं हाड मोडलं आणि अंथरुणाला खिळली. गेल्या महिन्यापासून एकसारखं विचारते, दादाचं घर कुणीकडे? दादा येणार होता, आला का? मी खोदून खोदून विचारलं, तेव्हा आडनाव सांगितलं, वडिलांचं नाव सांगितलं, भावंडांची नावं सांगितली. म्हटलं, बघावं कुणी सापडतं का."

त्यांनी नावं वाचली. एक, दोन, तीन, चार.

पुरावेबुवांच्या हातातला चहा हातातच राहिला. पहिलं नाव त्यांच्या वडिलांचं होतं. दुसरं आणि तिसरं काकांचं. आणि चौथं, स्वतः आईचं म्हणून बाईंनी वाचलं ते, त्यांच्या आत्याचं.

"अहो, हे तर आपल्या चिटणिसांचंच घराणं!" पोस्टमास्तरीणबाई टाळी वाजवून म्हणाल्या. "काखेत कळसा नि गावाला वळसा! थांबा, पुस्तक काढते." त्यांनी कपाटातून पुस्तक काढलं, बोट फिरवत पान एकेचाळीस गाठलं, आणि त्यांचा आवाज खाली आला. "नाव बरोबर आहे. पण… इथे लिहिलंय, लहानपणी वारली."

सगळ्यांनी पुरावेबुवांकडे पाहिलं. परिचारिकेनेही पाहिलं. त्यांच्या कपाळाची ठेवण थेट पुरावेबुवांच्या वडिलांची होती.

बोलायची हीच वेळ होती. तोंड उघडलंही. "नोंद… नोंद तशी आहे खरी," एवढंच बाहेर पडलं.

"म्हणजे ती ही नव्हे," परिचारिका म्हणाल्या. त्यांनी आपला कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला. "आईचं वय झालंय, कुठून कुठून ऐकलेली नावं जोडत असेल. माफ करा हं, तुमचा सगळ्यांचा वेळ घेतला." आणि चहा न घेताच त्या जिना उतरून गेल्या.

पोस्टमास्तरीणबाई हळहळल्या. पुरावेबुवांनी पुढचा कागद ओढून घेतला, पण त्यावरचं अक्षरही त्यांना लागेना. त्या दिवशी त्यांनी कुणाच्याही समासात काही लिहिलं नाही.

खरी गोष्ट अशी होती. आत्या विसाव्या वर्षी नवऱ्याचं घर सोडून एका घड्याळजीबरोबर निघून गेली होती. त्या वेळी पुरावेबुवा सव्वा वर्षाचे. घरात तिचं नाव काढायची सोय राहिली नाही. कुणी विचारलंच तर मोठी माणसं विषय बदलायची. पुढे नोंदणी कार्यालयात काम करताना जुनी दप्तरं चाळता चाळता त्यांना एके दिवशी तिच्या लग्नाची नोंद सापडली, घड्याळजीबरोबरची, घर सोडल्यावर सहा वर्षांनंतरची. मग चार वर्षांनंतरची मुलीच्या जन्माची नोंद. दोन्हींच्या नकला त्यांनी काढून घेतल्या. म्हणजे ज्याला ते पुरावा म्हणत, तो त्यांच्याजवळ होता. सही-शिक्क्यानिशी, पत्त्यासकट होता.

पुस्तक छापायला जायच्या सुमारास त्यांच्या मुलीचं लग्न ठरत होतं. मुलाकडची माणसं चौकस. घराण्याचं पुस्तक येतंय म्हटल्यावर त्यांनी दोन प्रती आधीच सांगून ठेवल्या होत्या. पान एकेचाळीसपाशी पुरावेबुवांचं पेन अडलं. नाव गाळलं असतं तर प्रामाणिकपणाला बट्टा; खरं लिहिलं असतं तर पाहुण्यांच्या भुवया वर. त्यांनी दोन शब्दांत वाट काढली. दोन शब्द लिहायला कितीसा वेळ लागतो? आणि पुराव्यांच्या सव्वीस पानांत या एका नोंदीपुढे काहीच नव्हतं. चौदा वर्षांत एकाही माणसाने ते पाहिलं नाही.

शनिवार गेला, रविवार गेला. 'माफ करा हं, तुमचा वेळ घेतला' हे वाक्य काही केल्या कानातून जाईना. सोमवारी त्यांनी दोन्ही नकला पिशवीत घातल्या. रिक्षा बोलावली, परत पाठवली. मंगळवारी दुपारी मात्र ते इस्पितळात जाऊन उभे राहिले.

परिचारिका हातातली औषधांची थाळी ठेवून बाहेर आल्या. "चिटणीससाहेब? इथे कसे?"

पुरावेबुवांनी वाटेत चार वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आठवेना. त्यांनी नुसते कागद पुढे केले.

बाईंनी उभ्या उभ्याच वाचले. पहिला आईच्या लग्नाचा, दुसरा स्वतःच्या जन्माचा. वाचून झाल्यावर पुन्हा पहिला वर घेतला.

"हे कुठे मिळाले?"

"माझ्याजवळ होते. तुमची आई माझी सख्खी आत्या. तुम्ही माझी आतेबहीण."

"शनिवारी होते तुमच्याजवळ?"

"घरी होते."

"घरी होते म्हणजे माहीत होतं."

"हो."

त्यांनी दोन्ही कागदांची घडी घातली. मग हळू आवाजात म्हणाल्या, "मी तुमची माफी मागितली होती." रागावून बोलल्या असत्या तर पुरावेबुवांना सोसलं असतं. त्यांची मान अशी खाली गेली की समोरचे पांढरे बूट तेवढे दिसत राहिले. "चार वाजता सुटते मी," बूट म्हणाले असावेत तसा आवाज आला. "तोवर बसा. आईसमोर तुम्हीच सांगायचं. मी मधे एक शब्द बोलणार नाही."

बसायला तिथे लहान मुलांच्या खुर्च्या होत्या, लाल आणि पिवळ्या. गुडघे छातीशी घेऊन पुरावेबुवा पावणेदोन तास पिवळ्या खुर्चीवर बसून राहिले. येणारी-जाणारी मुलं त्यांच्याकडे बघून हसत होती.

आत्याचं घर म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. आतल्या खोलीत खिडकीजवळ पलंग होता. भिंतीवर चार घड्याळं, सगळी चालू आणि सगळ्यांत एकच वेळ. घड्याळजी जाऊन अकरा वर्षं झाली होती, पण किल्ली द्यायची आत्याने सोडली नव्हती. आता लेक देत होती. आत्या उशांना टेकून बसली होती. अंगाने मूठभर, पण डोळे लख्ख.

"आई, हे तुझ्या दादाचे चिरंजीव," एवढं सांगून लेक दाराशी उभी राहिली.

आत्याने त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "मी गेले तेव्हा तू रांगायचं सोडून नुकता चालायला लागला होतास. ये, बस. दादा कुठाय?"

"बाबा गेले, आत्या. चौदा वर्षं झाली."

तिने मान हलवली. तिला ते ठाऊक असावं, किंवा वाटत तरी असावं. पुरावेबुवांनी पिशवीतून पुस्तक काढलं, पान एकेचाळीस उघडून तिच्या मांडीवर ठेवलं. दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळण्याआधी आपणच दाखवायचं, एवढं त्यांनी पिवळ्या खुर्चीवर ठरवलं होतं. आत्याने चष्मा लावला. नाव वाचलं. पुढचे दोन शब्द वाचले. मग नावावरून बोट फिरवलं.

"लहानपणी म्हणजे कितव्या वर्षी रे?"

तिचं बोट त्या दोन शब्दांवर येऊन थांबलं.

"दादाने सांगितलं असं लिहायला?"

पळवाट समोर उघडी होती. वडील हयात नव्हते, काका हयात नव्हते. 'हो' म्हटलं असतं तर खोटं पाडायला कुणी उरलं नव्हतं, आणि म्हातारीलाही त्याचं फारसं नवल वाटलं नसतं. साठ-पासष्ट वर्षं ती तेच धरून चालली असणार. 'हो' ओठांवर आलंही.

"नाही," ते म्हणाले. "बाबांनी उलटं सांगितलं होतं. जायच्या आधी आठवडाभर म्हणाले, पुस्तकात तिचं नाव घाल, गाळू नकोस. ती कुठे आहे बघ, मला एकदा घेऊन चल, असंही म्हणाले. मी म्हटलं, बघतो. पत्ता माझ्याजवळ होता. नाव घातलं, आणि पुढचं मी माझ्या मनाने लिहिलं. माझ्या मुलीचं लग्न ठरत होतं."

दाराशी उभ्या लेकीने तोंड फिरवलं.

"दादा म्हणाला होता, घेऊन चल?" आत्याने विचारलं.

"म्हणाले होते."

"मग तो खरंच यायचा होता." एवढं म्हणून तिने चष्मा काढला, पदराच्या टोकाने पुसला, परत लावला. मग त्यांच्याकडे वळली. "दादाला माझी लाज वाटली असती तर मी समजले असते. लोकांनी तोंडावर बोलून त्याला हैराण केलं होतं. पण तुला रे कसली लाज? तू तर मला ओळखतही नव्हतास."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं माणसं म्हणतात. दुसऱ्या मजल्यावर ती सोयही नव्हती. पुरावेबुवांनी पुस्तक मिटून पिशवीत ठेवलं. लेकीने चहा आणून ठेवला, पण कप त्यांच्या हातात दिला नाही, स्टुलावर ठेवला.

पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी त्यांनी मंडळात उभं राहून सगळं सांगितलं आणि चिटणीसपदाचा राजीनामा टेबलावर ठेवला. दंतवैद्य काहीतरी टोला हाणेल म्हणून सगळे त्याच्याकडे बघत होते. तो खाली बघत राहिला. त्याने दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. राजीनामा मंजूर झाला. पोस्टमास्तरीणबाईंनी पदभार घेतला आणि पहिलाच ठराव मांडला, की चुकीची दुरुस्ती छापावी आणि दोनशे बारा प्रतींत चिकटवावी, आणि ती ज्याची चूक त्याने, घरोघर जाऊन. पोस्टातली बाई ती, पत्ता शोधणं अवघड असतं ही सबब तिच्यापुढे चालणारी नव्हती.

छापखानेवाल्याने मजकूर वाचला. "'नजरचुकीने' असं घालू का? सगळे तेच घालतात."

"नको. नजर शाबूत होती," पुरावेबुवा म्हणाले.

चिठ्ठीत एवढंच होतं: 'पान एकेचाळीसवरची नोंद खोटी आहे. लिहिताना ती खोटी असल्याचं मला माहीत होतं. आत्या हयात आहे. तिला एक मुलगी आहे.' खाली त्यांची सही.

मुलीला त्यांनी फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "माझ्या लग्नाचं नाव पुढे करू नका, बाबा. मला कुणी विचारलं होतं? मला एक आजी होती, एवढं मला कळतं." दोन आठवडे तिने फोन उचलला नाही.

मग डिंकाची बाटली आणि चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन पुरावेबुवा दारोदार फिरू लागले. कुणी पुस्तक रद्दीत घातलं होतं. कुणी माळ्यावरून काढून धूळ झटकून दिलं आणि चिठ्ठी वाचून त्यांच्याकडे असं पाहिलं की पाणी प्यायचंही सुचू नये. थोरला चुलतभाऊ दारातच म्हणाला, "मेलेलं मढं उकरतोस? आमच्या प्रतीला हात लावायचा नाही." पुरावेबुवा म्हणाले, "मढं नाही रे, ती परवा मला साखर कमी पडली म्हणून चहा परत पाठवत होती." तरीही दार बंद झालं. उन्हाळा संपेपर्यंत एकशे एक्केचाळीस प्रती झाल्या. चुलतभावाची राहिलीच.

गुरुवारी ते आत्याकडे जात. ती त्यांच्याशी फार गोडीने वागायची असं नाही. घड्याळांना किल्ली द्यायला लावायची, औषधाच्या पुडीवरचं बारीक अक्षर वाचून घ्यायची. आतेबहीण 'या' म्हणायची, 'बसा' अजून म्हणत नव्हती.

एका गुरुवारी शेजारच्या शिंपीणबाई आल्या. "हे कोण?" त्यांनी विचारलं.

"माझ्या भावाचा मुलगा," आत्या म्हणाली. "यानेच मला मारलं होतं."

शिंपीणबाई आधी हसल्या, मग पुरावेबुवांचा चेहरा बघून थांबल्या. आत्याने उशी नीट करून घेतली आणि त्यांच्याकडे बघितलं.

"सांग की त्यांना. त्या कुठे परक्या आहेत?"

पुरावेबुवांनी किल्ली स्टुलावर ठेवली, खुर्ची पुढे ओढली आणि सांगायला सुरुवात केली. आतापर्यंत एकशे एक्केचाळीस घरांत सांगून झालं होतं, पण पहिलं वाक्य अजूनही जिभेवर अडकत होतं.