ढोलीतली काठी

२०१६ सालच्या मंडईच्या सकाळी मालनबाईंनी नातीची पांढरी काठी उचलली, धान साठवायच्या ढोलीत खोचली आणि वर झाकण ठेवलं.

दिघोरीची मंडई, दिवाळीनंतरची जत्रा, म्हणजे नुसते पाळणे आणि दंडारीचे खेळ नव्हे. पाहुणे घरोघरी येतात आणि चहावरच सोयरिकी जुळतात. आज सिहोऱ्याचे लोक त्यांच्या धाकट्या लेकीला, शुभांगीला, पाहायला येणार होते.

नात डिंपल नऊ वर्षांची. तिची नजर कडेकडेने विझत चालली होती. भीतीने ती अंग ताठ करून, पाय फरफटत चालायची. दर शनिवारी लाखांदूरहून अंध मुलांच्या शिक्षिका मोना मॅडम येऊन तिला अंगणात चालायला शिकवत. उजवा पाय पुढे, काठी डावीकडे. डावा पाय पुढे, काठी उजवीकडे. तीन महिन्यांत पोर एकटी विहिरीपर्यंत जाऊ लागली होती.

पहिल्या दिवशी फॉर्म भरताना मॅडमनी विचारलं होतं, "हा आजार पिढ्यांतून येतो. घरात आणखी कोणाला होता?"

"कोणालेच नाई," मालनबाई म्हणाल्या होत्या. लहानपणी माहेरी, आंबागडला, त्यांच्या परकराचं टोक धरून भाऊ देवाजी शेताच्या धुऱ्यावरून चालायचा. कितीदा दोघं धानाच्या बांधीतल्या चिखलात पडली होती.

"आजी, माही काठी?"

"पाहुणे गेल्यावर भेटन. आज बसून राय."

मुलाची आई कलाबाई मोठ्या बोलक्या. चिवडा खाता खाता त्यांचं लक्ष खाटेवर बसलेल्या डिंपलकडे गेलं.

"काहून वो पोरी, सारं गाव मंडईत अन् तू घरात? नवरदेव पायची तुलेच घाई दिसते!"

सगळे हसले.

"पाय मुरगळला माहा," डिंपल म्हणाली. "सकाळी. पायरीवरून."

तिला हे कोणी शिकवलं नव्हतं.

"अवो, मंग तेल तरी लावा तिले," कलाबाई म्हणाल्या.

मालनबाईंना तेल गरम करून आणावंच लागलं. पाहुण्यांदेखत त्या नातीचा धडधाकट पाय चोळत राहिल्या. डिंपलने एकदा, बरोबर जागी, "आई गं" म्हटलं.

सोयरीक जुळली. पाहुणे गेल्यावर मालनबाईंनी काठी काढून दिली. डिंपलने काठीवरचा कोंडा फ्रॉकने पुसला.

मोना मॅडमची पुढे गडचिरोलीला बदली झाली. शुभांगी सासरी सुखात आहे. लग्नानंतर डिंपलच्या डोळ्यांचं कलाबाईंना कळलंच. त्या मुरगळलेल्या पायाची चौकशी त्यांनी पुन्हा कधी केली नाही. डिंपल आता एकटी एसटीने लाखांदूरच्या कॉलेजात जाते.

यंदाच्या मंडईला कलाबाई शुभांगीच्या सहा वर्षांच्या मुलाला, सूरजला, घेऊन आल्या. तो उंबऱ्याला दोनदा अडखळला. डिंपलने स्वतःची जुनी, आखूड काठी त्याच्या हातात दिली आणि त्याला अंगणात नेलं. मग नव्या मॅडमसाठी सूरजचा फॉर्म भरायला ती मोबाईल घेऊन बसली. मोबाईलने प्रश्न मोठ्याने वाचला: घरात आणखी कोणाला?

"आमच्यात तर कोणालेच नाई," कलाबाई म्हणाल्या.

डिंपलने काहीच टाइप केलं नाही. आजीकडे तिने तोंडही वळवलं नाही.

"देवाजी," मालनबाई म्हणाल्या. "माहा भाऊ. लिव."

कलाबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. अंगणात काठी डावीकडे टेकली, मग उजवीकडे.