माझ्या पायाखालचा सोनेरी रंग

मित्रांनो, मी एका पिकअपची जुनी एरियल आहे. बोनेटच्या कडेला उभी असते ना ती बारीक काडी, तीच मी. तुम्ही येता-जाता मला वाकवून सोडता आणि मी टुणटुण हलते. हसताय ना? हसा, पण ऐका. मला हे कधीपासून कुणाला तरी सांगायचंय.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला नीट आठवत नाही. आठवतं ते पेणचं दुकान, तिथली धूळ, आणि काळुरामने मला उचलून "ही लांब हाय, हीच द्या" असं म्हटलेलं. काळुराम म्हणजे आमचा मालक आणि ड्रायव्हरही. खाडीकाठच्या गावचा. त्याने मला बसवलं, रेडिओ लावला, आणि पहिल्याच फटक्यात बातम्या अशा खणखणीत लागल्या की तो एकटाच हसला. तेव्हा मला काय वाटलं म्हणून सांगू!

मग आमची धावपळ सुरू झाली. जोह्याच्या कारखान्यातून गणपती भरायचे, प्लॅस्टिक ओढायचं, दोर आवळायचे, आणि नागोठण्यावरून रोह्याला. भर पावसात अंबा नदी फुगली की रस्ता बंद आहे की चालू, ते रेडिओच सांगायचा. आणि रेडिओला कोण सांगायचं? मी! हवेतलं सगळं मी पकडायचे. पण कौतुक व्हायचं रेडिओचं. माझ्याकडे कोण बघतंय?

म्हणून तर यंदा मी एवढी हुरळले.

झालं काय, त्या जोह्याच्या कारखान्यात एक पद्धत आहे. शेवटची खेप गेली की उरलेला सोनेरी रंग फेकायचा नाही. ज्या गाडीने सीझनभर मूर्ती नेल्या, तिला लावायचा. कुणी आरशाला लावतं, कुणी चाकाच्या झाकणाला. यंदा रंग प्रणिताच्या हातात होता. प्रणिता मूर्तींचे दागिने रंगवते, तिच्या हाताला भारी सफाई. ती म्हणाली, काळूदादा, यंदा काडीला सोन्याची करते. आणि अर्धवट काम तिला आवडतच नाही, म्हणून तिने मला मुळासकट काढलं, पुसलं, वरून खालपर्यंत दोन हात रंग दिला. माझा पाय जिथे पत्र्याला टेकतो तिथेही. पत्र्यावरच्या त्या जागेलाही. वाळल्यावर पुन्हा घट्ट बसवलं.

मित्रांनो, इथेच घोटाळा झाला. माझ्या पायाला उघडा पत्रा लागतो. लोखंडाला लोखंड टेकलं तरच मला नीट ऐकू येतं. मध्ये रंगाचा थर आला की संपलं. पण प्रणिताला हे कुठून माहीत असणार? आणि तेव्हा मला तरी कुठे कळलं? मी चमकत होते ना.

गणपती गेले, गाडी पुन्हा बाहेर निघाली, आणि रेडिओ खरखरायला लागला. नुसती खरखर. इंजिन चालू केलं की घूंऽऽ. काळुरामला वाटलं, पावसाचं पाणी शिरलं असेल, वाळेल.

एरवी त्याने सोडूनही दिलं असतं. पण यंदा त्याच्या आयेचा आवाज रेडिओवर येणार होता.

त्याची आये धोंडुबाई, गावची धवलारीण. लग्नात हळदीपासून बसून धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गायची ती. धोंडुबाईने मिठागरात मीठ ओढलं आणि शेकडो लग्नांत गायलं. चैत्रात एका छोट्या रेडिओ केंद्राच्या बाई आल्या आणि तिचे धवले रेकॉर्ड करून गेल्या. नंतर तिच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, गळा गेला. आता बोलते तेही नुसत्या घोगऱ्या श्वासात. आणि इतकी वर्षं गायली, पण स्वतःचा आवाज तिने कधी बाहेरून ऐकलाच नव्हता. ती काळुरामला एवढंच म्हणाली, "सगल्यांना आयकवलं रं मी. मना कुनी नाय आयकवलं."

कार्यक्रम रविवारी संध्याकाळी सहाला. एकदाच. ते केंद्र मोबाईलवर लागत नाही आणि घरात दुसरा रेडिओ नाही.

काळुराम शुक्रवारी रोह्याला धनेशकडे गेला. धनेश गाड्यांची वायरिंग करतो, तोंडाने सारखी बडबड. त्याने फ्यूज बघितला. रेडिओ बाहेर काढून त्यात वायरचा एक तुकडा खोचला, तर जवळचं एक मोठं केंद्र चक्क लागलं! म्हणजे रेडिओ ठणठणीत. मग आतली केबल बदलली. तरी खरखर. मग तो माझ्याकडे आला. मी आतून ओरडत होते, पाय बघ, माझा पाय बघ! त्याने मला हलवलं, वरखाली बघितलं आणि म्हणाला, "हिला काय धाड भरलीय? नवरीसारखी नटलीय." आणि गेला पुढे. तुमचं केंद्र छोटं, रोह्याच्या डोंगरामुळे अडत असेल, खाडीवर मोकळ्यात गाडी लावा, लागेल, असं त्याने सांगितलं.

रविवारी काळुरामने गाडी खाडीच्या बांधावर नेली. इंजिन बंद. धोंडुबाई नवं लुगडं नेसून पुढच्या सीटवर बसली, दोन्ही हात मांडीवर. सहा वाजले. मी सगळा जीव काढला, मित्रांनो, खरंच काढला. खरखर. मध्येच एक बारीक सूर आला आणि बुडाला. काळुराम बटण फिरवत राहिला. अर्धा तास झाला. मग जाहिरातीसारखं काहीतरी लागलं.

"झाला का रं?" तिने विचारलं.

"झाला, आये."

दुसऱ्या दिवशी तिचं औषध आणायला ती दोघं रोह्याला आली. धनेश धावतच बाहेर आला. त्याने दुकानातल्या सेटवर सगळा कार्यक्रम ऐकला होता! काय गळा, काय गळा, म्हणत राहिला. मग काळुरामचं तोंड बघून त्याला कळलं, गाडीत काही लागलंच नव्हतं. पाना घेऊन त्याने मला काढलं, उलटं केलं, आणि माझ्या पायाखालचा सोनेरी थर त्याला दिसला. ब्लेडने दोन मिनिटं खरवडला. पत्र्यावरचाही काढला. रेडिओ खणखणीत लागला. खताची जाहिरात चालू होती.

प्रणिताला सांगायला हवं, असं धनेश म्हणाला. काळुराम म्हणाला, "नको. हौशीनं केलं तिनं."

केंद्राला फोन केला, तर त्या बाई नोकरी सोडून गेलेल्या आणि रेकॉर्डिंग सापडत नव्हतं.

तेव्हा धोंडुबाईने खिडकीतून हात काढून धनेशचं मनगट धरलं. "तू आयकलास ना? मंग करून दाव, कसा होता."

धनेश लाजला. इकडेतिकडे बघितलं. मग त्याने भर रस्त्यात, आपल्या फाटक्या आवाजात, आठवेल तसा सूर धरला. वाईट गात होता हो. पण धोंडुबाई डोळे मिटून, मान पुढे करून ऐकत होती. एका जागी ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "हितं वर न्यायचा," आणि बोट वर केलं. त्याला काही वर नेता आलं नाही.

मित्रांनो, मी आता खणखणीत आहे. माझ्यावर अजून थोडं सोनं आहे, ते मला बघवत नाही. माझं एवढंच ऐका. काडी गंजते, सैल होते, रंगाखाली गुदमरते. तेव्हा वरून बघून पुढे जाऊ नका, मला काढून माझा पायही बघा. आणि कुणाचा आवाज एकदाच येणार असेल, तर त्याच्या आधी बघा.